आधी वळ, मग वेद

॥ राम कृष्ण हरि ॥

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय ५, श्लोक १८

विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि समाजाने दूर लोटलेला माणूस, या सगळ्यांकडे ज्ञानी एकाच नजरेने पाहतो, असं भगवंत इथे सांगतात. वाचायला सोपं आहे. जगायचं कसं?

आपल्या वारूळवाडीहून नाशिकच्या रस्त्याला लागलं की पुढे आळे गाव लागतं. पैठणला माउलींनी ज्याच्या मुखातून वेद बोलवले, त्या रेड्याची समाधी तिथे आहे. वेदांची गोष्ट सगळ्यांनाच माहीत असते. पण कथेत त्याआधी काय घडतं? आसूड रेड्याच्या पाठीवर पडतो आणि वळ माउलींच्या पाठीवर उठतात. आधी वळ, मग वेद.

गोठ्यावर येणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरांचं काम पाहिलं की हा क्रम पटतो. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचं बरं असतं, प्रोग्रॅम बंद पडला तर एरर तरी दिसते. गाय काय सांगणार? डॉक्टर डाव्या कुशीवर हात ठेवून पोट हलतंय का बघतात, कान गार पडलेत का चाचपतात, रवंथ कधीपासून बंद आहे ते घरातल्यांना विचारतात.

नुकतीच व्यायलेली दुभती गाय कधी कधी मान कुशीला लावून बसते, उठतच नाही. हा दुग्धज्वर. नाव ज्वर, पण अंग थंड, कारण रक्तातलं कॅल्शियम दुधात उतरलेलं असतं. ते शिरेतून द्यायचं, पण हळूहळू, हृदयाचे ठोके ऐकत. घाई केली तर हृदय बंद पडू शकतं. रात्रीचे दोन वाजले असले तरी घाई नाही. वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेकदा तीच गाय काही वेळात उभी राहते.

खरी परीक्षा वेगळीच. कासदाह झाला, अँटिबायोटिक दिलं, की डॉक्टर सांगतात, "ठरलेले दिवस हे दूध डेअरीला घालू नका." दुधाच्या पगारात तूट येणार. शेतकरी म्हणतो, "डॉक्टरसाहेब, कोणाला कळतंय?" त्याचा बँकेचा हप्ता खोटा नसतो. गाईचं दुखणंही खोटं नसतं. आणि ते दूध पिणारं पोर तर दोघांनीही कधी पाहिलेलं नसतं. त्या तिघांकडे एकाच नजरेने पाहायचं आणि शेतकऱ्याच्या डोळ्यांत बघून "नाही" म्हणायचं. श्लोक इथे गोठ्यात उतरतो.

समदृष्टी म्हणजे सगळ्यांना सारखं औषध नव्हे. शेळीचा आणि गाईचा डोस एक कसा असेल? ज्याला बोलता येत नाही, जो समोरही नाही, त्याचं दुखणं आपल्या हिशोबात धरणं, ही समदृष्टी.

आज एवढंच करूया. घरात, कामावर, शेतात कोण गप्प आहे ते बघू. त्याने बोलायची वाट न पाहता आपणच जवळ जाऊ.

राम कृष्ण हरि!