लसणाशिवाय किमची

चिनी कोबी मिठात खारवायचा, पानापानाला तिखट, आलं, लसूण, कांद्याची पात आणि मासळीचा खारा रस चोळायचा आणि बरणीत दाबून आंबू द्यायचा. कोरियाच्या किमचीची ही ढोबळ रीत. शाकाहारी मराठी घरात ती करायला घेतली की पहिल्यांदा मासळी गळते. चातुर्मास पाळणारं घर असेल तर कांदा-लसूणही. मग बरणीत उरतं त्याला किमची म्हणायचं का? हा प्रश्न फार जुना आहे. ‘मिलिंदपञ्हा’ या पाली बौद्ध ग्रंथात भिक्खू नागसेन मिलिंद राजाला विचारतो, की रथ म्हणजे चाकं, आस की जू? एकेक भाग सुटा घेतला तर रथ कुठेच सापडत नाही. सगळे भाग जुळून आले की ‘रथ’ हे नाव व्यवहारात येतं. कोबीलाही हीच कसोटी लावावी, असं माझं म्हणणं आहे.

कोरियाचा इतिहास या बाजूने साक्ष देतो. मिरची मूळची अमेरिकेतली. कोरियन ग्रंथात १६१४ साली तिचा उल्लेख आढळतो आणि किमची त्याहून कितीतरी जुनी. बिनतिखटाची पांढरी किमची आजही घरोघर होते. बौद्ध विहारांत तर मासळीच्या जोडीने पाच उग्र वनस्पतीही वर्ज्य. पूर्व आशियात मानल्या जाणाऱ्या ब्रह्मजाल सूत्राच्या यादीत कांदा-लसणाच्या कुळाबरोबर चक्क हिंगही आहे. (आपल्याकडे कांदा-लसूण सोडलेला माणूस फोडणीत हिंगावरच भागवतो. एकाचा संयम तो दुसऱ्याचा व्रतभंग!) सोया सॉस आणि आलं घालून विहारात जे मुरतं, त्याला कोरियात किमचीच म्हणतात. युनेस्कोने २०१३ मध्ये दक्षिण कोरियाच्या ‘किमजांग’ची नोंद केली, तीही किमची मिळून करण्याची आणि वाटून घेण्याची परंपरा म्हणून.

यावर भक्कम आक्षेप आहे तो खाद्यपदार्थांची मानकं ठरवणाऱ्या ‘कोडेक्स’च्या २००१ च्या आंतरराष्ट्रीय मानकाचा. त्यात तिखट, लसूण, आलं यांची नावं स्पष्ट आहेत. पण ते मानक बाजारात विकल्या जाणाऱ्या मालासाठी आहे; त्याच मापाने विहारातली किमची नापास होईल, आणि मग चूक मापाचीच मानावी लागेल. मग काहीही किमची का? मुळीच नाही. त्याच मानकात आंबवण्याची अटही आहे, आणि खरी सीमा तिथे आहे. मीठ इतर जंतूंना आवरतं, लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू वाढतात आणि दिवसागणिक आंबटपणा चढतो. हे घडलंच नाही आणि कोबीवर व्हिनेगर ओतून पान वाढलं, तर ती कोशिंबीर. मग तिच्यात अस्सल कोरियन तिखट आणि हवा तेवढा लसूण असला तरी. दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो: भिक्खुणी लसूण सोडते ती व्रत म्हणून, आपल्यातले काही सोडतात तो नुसता वास नको म्हणून. हा फरक खरा आहे, पण व्रत खाणाऱ्याचं असतं, कोबीचं नव्हे. म्हणून सोयीखातर लसूण वगळणाऱ्याने आपल्या पदार्थाला ‘विहारातलं अन्न’ म्हणू नये. किमची म्हणायला मात्र हरकत नाही. तेव्हा बरणीवर खुशाल ‘किमची’ लिहा, फक्त फ्रीजमध्ये ठेवण्याआधी तिला एक-दोन दिवस बाहेर आंबू द्या.