अंगण खरोखरच वाकडे असेल तर?

नाचता न येणाऱ्याने अंगणास दोष द्यावा याची थट्टा मराठीने इतकी कायमची करून ठेवली आहे की, अंगण कधी कधी खरोखरच वाकडे असते, हे म्हणण्याची सोय उरलेली नाही. साधनास नावे ठेवणारा तो आळशी किंवा अकुशल, असा निवाडा आपण त्याचे म्हणणे ऐकण्यापूर्वीच देऊन मोकळे होतो. हा निवाडा कोठे सर्वांत अन्यायाचा ठरतो, याचा विचार करू लागलो असता आम्हांस बाजारातील स्वस्त गिटारीचे उदाहरण फार बोलके वाटते.

परप्रांती नोकरी करणाऱ्या आपल्या घरांतून हा प्रसंग वारंवार घडतो. मूल गिटारीचा हट्ट धरते. कोलकात्यास असलो तर लालबाजारनजीक रवींद्र सरणीवरील वाद्यांच्या दुकानांत, अन्यत्र असलो तर मोबाईलवर चित्र पाहून, आपण दोन-अडीच हजारांचे एक चकचकीत वाद्य निवडतो आणि मनाशी म्हणतो, “आधी टिकतो का पाहू, मग चांगली घेऊ.” पुढील बदलीस किती सामान न्यावयाचे ही चिंता ज्याच्या मागे कायम लागलेली, त्याने असे म्हणावे यात नवल नाही. परंतु ही मुलाची परीक्षा आहे, आणि ज्या तराजूने त्यास तोलावयाचे तोच खोटा आहे, एवढी गोष्ट या शहाणपणात निसटून जाते.

सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. एखादा चुकीच्या जागी असला तर वादक तो सरकवून सुरात आणतो. गिटारीचे पडदे लाकडी पट्टीत ठोकून बसविलेले असतात. त्यांच्या जागा गणिताने ठरतात. तारेची लांबी ६५० मिलिमीटर धरली, तर पहिला पडदा वरच्या टोकापासून सुमारे ३६.५ मिलिमीटरवर आणि बारावा ३२५ वर, म्हणजे बरोबर मध्यावर, हवा. घोडी चार-पाच मिलिमीटर मागेपुढे चिकटली, की मोकळ्या तारा कितीही मिळवा, वरचे सूर जुळत नाहीत. शिवाय पोलादी सहा तारांचा एकत्रित ताण सुमारे ७० किलो वजनाइतका असतो. लाकूड नीट मुरलेले नसेल तर दांडी त्या ताणाने वाकते, तारा पट्टीपासून उंच होतात, आणि त्या दाबताना बोटे तर सोलतातच, पण तार अधिक ताणली गेल्यामुळे सूरही चढतो. त्यात कोलकात्याच्या दमट हवेतून जोधपूरला बदली झाली, की लाकूड आक्रसून पडद्यांची टोके कडेने बाहेर येतात व हात खरचटतात.

यांतले काहीही शिकाऊ मुलास ठाऊक नसते. ज्यास हे ओळखता येईल त्यास शिकावयाचे उरलेले नसते, आणि ज्यास शिकावयाचे आहे त्यास ओळखता येत नाही. तेव्हा दोष तो आपल्या बोटांकडे घेतो. आम्हांस याहूनही गंभीर वाटते ते असे : ज्याचा कान चांगला, त्यासच हा बेसूरपणा सर्वाधिक बोचतो, आणि तोच आधी कंटाळून वाद्य कोपऱ्यात ठेवतो. जो टिकतो, तो पुष्कळदा कान बोथट करून घेऊन टिकतो. “टिकतो का पाहू” म्हणून मांडलेली परीक्षा अशा रीतीने नेमकी लायक उमेदवारास नापास करते. आणि आपण, ज्यांचा निम्मा जन्म चौकशा व अहवाल यांत गेला, तो निकाल विनातक्रार मान्य करतो.

यावर कोणी म्हणेल, मग गरिबाने शिकूच नये काय? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. परंतु स्वस्त आणि खोटे हे दोन शब्द एका अर्थाचे नव्हेत. साध्या प्लायवूडची, रंगरोगण नसलेली, पण पडदे अचूक बसविलेली गिटार ही प्रामाणिक वस्तू आहे. अचूक पडद्यास लाकूड जास्त लागत नाही. लागतो तो कारागिराचा वेळ, आणि नगावर मजुरी मिळवणाऱ्यास तो कोणी देत नाही. झिलई मात्र काचेतून दिसते, म्हणून पैसा तिच्यावर खर्च होतो. घासाघीस करून आणखी दोनशे रुपये उतरविणाऱ्या आपला त्यात वाटा नाही, असे आम्हांस म्हणवत नाही. कसोटी तर सोपी आहे. बाराव्या पडद्यावर तारेस नुसता स्पर्श करून एकदा छेडावी व तीच तार तेथे दाबून पुन्हा छेडावी. दोन्ही सूर एक आले पाहिजेत. जाणकाराने पारखलेली जुनी, ओरखडे पडलेली गिटार या कसोटीस नव्या चकचकीत गिटारीपेक्षा अनेकदा अधिक उतरते.

खरा पेच बदलीचा हुकूम आल्यावर पडतो. कोपऱ्यातील ती गिटार नेण्याजोगी नसते, फेकवत नाही, आणि कचेरीतल्या शिपायाचा मुलगा तिच्याकडे आशेने पाहत असतो. देऊन टाकणे सोपे, वर औदार्याचे समाधानही. पण आपल्या मुलास तिने जे सांगितले तेच ती त्याच्या मुलासही सांगणार, आणि त्याला दुसरी गिटार घेऊन देणारे कोणी नाही. घोडीवरील पट्टी घासून तारा खाली आणता येत असतील, तर ते काम आधी आपल्या खर्चाने करून घ्यावे. पडदेच चुकले असतील तर मुलास जवळ बसवून, बाराव्या पडद्यावर दोन्ही सूर वाजवून दाखवावे आणि मग ती हवी का, हे त्यालाच विचारावे.