आदराचे व्याकरण

'जनाबाई आली' आणि 'जनाबाई आल्या' ही दोन्ही वाक्ये मराठी व्याकरणाला सारखीच मान्य आहेत. आदरार्थी बहुवचनाची नोंद करून व्याकरण थांबते. ते कोणाला लावावे, हा प्रश्न ते व्यवहारावर सोपवते. परंतु ही वाटणी दिसते तितकी निखळ नाही. कोरियन भाषेत साधे 'पाऊस पडतो' म्हणतानाही श्रोत्याशी असलेले नाते क्रियापदात उमटते: मित्राला 'पिगा वा', परक्याला 'पिगा वायो', औपचारिक प्रसंगी 'पिगा ओम्निदा'. मराठी निदान पावसापुरती सुटका देते. माणसाविषयी बोलू लागताच मात्र तीही अडवते. निवडीची सक्ती व्याकरणाची असली, तरी काय निवडले याचे उत्तरदायित्व बोलणाऱ्याचेच.

आमच्या परभणी जिल्ह्यातील गंगाखेडच्या जनाबाई विठ्ठलाला एकवचनात हाक मारतात. त्यांच्यासोबत दळायला बसणाऱ्या देवाला त्यात अनादर वाटत नाही. तेच 'तू' शेतमालकाच्या पोराने वयस्क सालगड्याला लावले की अर्थ पालटतो; कारण सालगड्याला त्याची परतफेड करता येत नाही.

आपल्या समीक्षेत 'ज्ञानेश्वर म्हणतात' आणि 'जनाबाई म्हणते' ही रूपे एकाच परिच्छेदात सुखाने नांदतात. (तुकारामांनाही आपण अनेकदा 'म्हणतो' लावतो, तेव्हा प्रश्न केवळ स्त्रीत्वाचा नाही.) हे जवळिकीचे एकवचन आहे, असा बचाव केला जातो. पण ही जवळीक कोणाच्या बाबतीत सुचते आणि कोणाच्या बाबतीत सुचत नाही, हे व्याकरणाने ठरवलेले नाही.