हसावे कोणावर?

‘टायटॅनिक’ बोट १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे बुडाली. सुमारे १५०० माणसे दगावली. १९९७ च्या चित्रपटातील जॅक आणि रोझ पाहून आपण रडलो. २०२२ साली न्यूयॉर्कमध्ये त्याच चित्रपटाचे संगीत विडंबन रंगमंचावर आले. त्यात चित्रपटाची गायिका सेलीन डिऑन हिचे सोंग घेतलेली नटी ‘मीही त्या बोटीवर होते’ असे सांगत साऱ्या कथेचा फज्जा उडवते. २०२५ साली लंडनचे ऑलिव्हिए पारितोषिकही त्याला लाभले.

बुडालेल्यांवर हसणे योग्य आहे का? जॅक आणि रोझ काल्पनिक आहेत. त्यांच्यावर हसताना आपण चित्रपटाच्या भपक्यावर आणि आपल्याच स्वस्त अश्रूंवर हसतो. त्यात गैर काही नाही.

परंतु मिलव्हिना डीन त्या बोटीवर दोन महिन्यांची होती. तिचे वडील बुडाले. तिने तो गंभीर चित्रपटदेखील पाहिला नाही. २००९ साली ती वारली; वाचलेल्यांपैकी ती शेवटची. दुखावणारे कोणी उरले नाही, म्हणून मृतांचा मान संपतो काय?

फादर थॉमस बाइल्स यांनी बचावनौकेत जाण्यास नकार दिला. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांबरोबर ते प्रार्थना करीत राहिले, पापनिवेदने ऐकत राहिले. जॅकचे नाव आपल्या मुलांना ठाऊक आहे, फादरांचे कितीजणांना?

बंधुभगिनींनो, आपण जरूर हसू या. पण खरे कोण होते हे आधी जाणून घेऊ या; म्हणजे आपले हसू भलत्यावर पडणार नाही.