सुट्टीची वसुली

सुट्टीत थंड हवेच्या गावी जाऊन माणसाने करायचे तरी काय? सर्वमान्य उत्तर एकच: पैसे वसूल करायचे!

आपल्या विदर्भातले चिखलदराच घ्या. कीचकाला मारून भीमाने जिथे हात धुतले म्हणतात, ते भीमकुंड पाहायचे. गाविलगड पाहायचा. 1803 साली आर्थर वेलस्लीने तो जिंकला, पण जेवणाच्या आत ‘उरकून’ यायची अट बिचाऱ्याला नव्हती. तिथेच पिकणारी कॉफी प्यायची. आणि मग मेळघाटच्या जंगलात वाघ! दिसला तर सहल वसूल, नाही तर सगळी रक्कम बुडीत खाती.

मी पडलो बँकेतला कारकून. वसुलीचे एक कलम मला पाठ आहे: ज्याला कर्जच दिले नाही, त्याच्याकडे हप्ता मागता येत नाही. वाघाने आपले काय घेतले आहे हो? 1973 साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, त्यातल्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होते. पुढे वाघापायी आतली काही गावे उठली. कोरकू कुटुंबांनी घरेदारे, शेते सोडली. खरी ठेव त्यांची. आपण भरले जीपचे भाडे, आणि ‘साधा पट्टासुद्धा दिसला नाही’ ही तक्रार मात्र आपली!

तेव्हा वाघ दिसला तर बक्षीस समजावे. नाही दिसला, तर तो आत कुठेतरी आहे एवढ्यावर शिल्लक जुळली म्हणावे आणि निवांत बसून दुसरी कॉफी मागवावी. तिचे पैसे आपण खरोखरच दिलेले असतात.