वही कुणाच्या हातात?

मुलुंडला आमच्या जुन्या इमारतीत जिन्याखाली मीटरची फळी होती. बिल फुगलं की वडील घरातला मेन स्विच पाडून खाली जायचे आणि मीटरची चकती थांबली का ते बघायचे. सरकत राहिली, तर भांडायला पुरावा!

आता उपनगरांत स्मार्ट मीटर येताहेत. त्यांच्यावरही लाल दिवा लुकलुकतो आणि मेन पाडला की थांबतो. पण दर पंधरा-तीस मिनिटांचा जो आकडा परस्पर कंपनीकडे जातो, तो फळीसमोर उभं राहून दिसत नाही. मीटर कंपनीचा, नोंदींची वहीही कंपनीचीच. मग आम्ही ताडून बघायचं कशाशी?

हा प्रश्न फक्त बिलाचा नाही. 12 ऑक्टोबर 2020च्या सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. पुढच्या मार्चमध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताचा संशय बोलून दाखवला. केंद्रीय ऊर्जामंत्री म्हणाले, मानवी चूक. नोंदी ज्यांच्याकडे, त्यांच्याच शब्दावर बाकीच्यांनी विसंबायचं.

ब्लॉकचेनचा उपयोग इथे आहे. एकाच वहीच्या प्रती अनेकांकडे, आणि प्रत्येक पानावर मागच्या पानाचा ठसा, म्हणजे हॅश. कंपनी, वीज नियामक आयोग आणि ग्राहक संघटना अशा तिघांकडे प्रती असल्या, तर जुना आकडा गुपचूप खोडता येणार नाही. मात्र वहीत रीडिंग लिहू नये. घर कधी रिकामं असतं हे त्यावरून कुणालाही कळेल. आकडे ग्राहकाकडे आणि कंपनीकडे राहावेत, वहीत फक्त त्यांचा ठसा. वाद झाला की ठसे जुळवायचे.

पण या वहीला डोळे नाहीत. 2016मध्ये ‘मिराई’ या मालवेअरनं जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते कारखान्यातले पासवर्ड कुणी बदललेच नव्हते म्हणून. तिथे वही काय करणार? मीटर मुळातच चुकीचं मोजत असेल, तर ती चूकही वही इमानेइतबारे जपेल.

आमच्या सोसायटीत मागच्या सभेचं इतिवृत्त पुढच्या सभेत वाचतात. बहुतेक जण तेव्हा चहाची वाट बघत असतात. एखादेच काका हात वर करतात, “सेक्रेटरीसाहेब, असं ठरलंच नव्हतं.” वहीला किंमत येते ती त्या हातामुळे. ब्लॉकचेनमध्ये प्रती कितीही असोत, त्यातली एक तरी अशा काकांकडे हवी. आणि मेन पाडून खाली जाण्याची खोडही आपण सोडू नये.