दार लावण्याचा अधिकार

२०२० सालच्या महामारीत 'घरी राहा' हा आदेश साऱ्या जगाने ऐकला. तो हिताचाच होता. परंतु ज्याला घरच नाही, त्याने तो पाळावा कसा? मेक्सिकोच्या उत्तर सीमेवरील तिहुआना शहरात हा प्रश्न असंख्य माणसांपुढे उभा ठाकला.

अमेरिकेतून हद्दपार झालेली माणसे वर्षानुवर्षे या शहरात आणून सोडली जातात. कायद्याच्या दृष्टीने ती मायदेशी परततात. प्रत्यक्षात अनेकांचा संसार कुंपणापलीकडेच राहतो. ओळखपत्राविना काम नाही, कामाविना खोली नाही. त्यात मार्च २०२० मध्ये अमेरिकेने १९४४ च्या एका आरोग्यविषयक कायद्याचा आधार घेतला आणि सीमेवर पकडलेल्या लाखो लोकांना, आश्रयाची याचना न ऐकताच, परत धाडले. मे २०२३ पर्यंत हे चालले. कारण दिले ते रोगप्रतिबंधाचे.

तिहुआनात स्कालाब्रिनी मिशनरी १९८७ पासून स्थलांतरितांसाठी निवारागृह चालवीत आले आहेत; पुढे शहरात अशी आणखी गृहे उभी राहिली. परंतु महामारीत सीमेवरील कित्येक निवारागृहांनाही नव्या माणसांस प्रवेश देणे काही काळ थांबवावे लागले.

या दोन बंद दारांना एकाच मापाने मोजावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. निवारागृहात खाटेला खाट लागलेली, आत बालके व वृद्ध; त्यांना जपणे हेही कर्तव्यच. तथापि दार लावल्याने बाहेरचा माणूस नाहीसा होत नाही. म्हणून खरा प्रश्न दार लावल्यानंतरचा आहे.

स्युदाद हुआरेस या दुसऱ्या सीमावर्ती शहराने त्याचे एक उत्तर शोधले. मे २०२० मध्ये तेथे एक हॉटेल नवागतांसाठी घेण्यात आले. त्यांनी तेथे चौदा दिवस वेगळे राहावे व मग निवारागृहात जावे, अशी व्यवस्था झाली. आतल्यांचे रक्षण आणि बाहेरच्यांचा स्वीकार यांत जो विरोध भासत होता, तो कर्तव्याकर्तव्याचा नव्हता. एका जास्तीच्या छपराचा होता.

यावरून आम्हांस एवढे उमगते : सावधगिरी हा सद्गुण आहे, पण तिचे सारे मोल सर्वांत दुबळ्याकडूनच वसूल होत असेल, तर ती सावधगिरी राहत नाही. दार लावण्याचा अधिकार आपणांस आहे. मात्र ते लावणाऱ्यानेच दुसरे दार शोधून द्यावयाचे असते.